सोशल: हाल्मार आणि ओल्गा

१४ जानेवारी, मंगळवार

अनुदान मिळणार नाही. ओल्गाने विनिपेगच्या अनुदान कार्यालयाला फोन लावून स्वतः खात्री करून घेतली. फोनवरची मुलगी फार गोड बोलली म्हणे. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा, असं तिने सांगितलं. पण पुढच्या वर्षी अर्ज करायचा तर आधी एक महोत्सव होऊन गेलेला असावा लागतो, अशी त्यांचीच अट आहे.

म्हणजे ग्रुंडविकचा पहिला साहित्य महोत्सव आता आमच्याच हिमतीवर. जूनचा दुसरा शनिवार-रविवार ठरला आहे. जागा म्हणून ओल्गाचा भाऊ ओरेस्त याने आपल्या बोटीशेजारचं मासळीचं शेड द्यायचं कबूल केलं आहे. तीन लेखकांनी येतो म्हणून कळवलं आहे. त्यांच्या विमानप्रवासाचे आणि मुक्कामाचे पैसे मार्चच्या मध्यापर्यंत भरले नाहीत, तर तिघांनाही नाही म्हणून कळवावं लागेल. नऊ हजार डॉलर लागतील. आमच्यापाशी सहाशे आहेत, त्यातले दोनशे ओल्गाचे आणि दोनशे माझे.

समितीत आम्ही दोघंच. ओल्गाने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली. मुलं सुटेपर्यंत ती स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत बसायची. गावात तिच्याइतकं कुणी वाचलेलं नाही आणि तिच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. मी एकतीस वर्षं इथलं साप्ताहिक चालवलं. ते गेल्याच्या गेल्या शरद ऋतूत बंद पडलं, तरी लोक मला अजून संपादकच म्हणतात. अंक बुधवारी सकाळी छापायला जायचा, म्हणून मंगळवारची संध्याकाळ म्हणजे धावपळ. आजही मंगळवार आला की हात शिवशिवतात आणि करायला काही नसतं. महोत्सव बारगळला तर उरलेल्या मंगळवारांचं काय करायचं, ते मला सुचत नाही. हे इथे लिहितो, कुणापाशी बोलत नाही.

१७ जानेवारी

मदतनिधीसाठी वाचनाची संध्याकाळ ठेवली होती. अकरा माणसं आली. त्यातलं एक चौकोनी कुटुंब घर तापवायची भट्टी बिघडली म्हणून ऊब शोधत आलं होतं. बाहेर उणे एकतीस होतं, त्यांना बोल लावता येत नाही. डब्यात जमलेल्या पैशांतून कॉफीचा खर्च निघाला.

२१ जानेवारी, मंगळवार

ओल्गाच्या डोक्यातून निघालेली कल्पना: सोशल ठेवायचं, म्हणजे हॉलमध्ये तिकीट लावून नाचाची संध्याकाळ.

गेल्या शनिवारी गिस्ली आणि ट्रेसीचं सोशल झालं. ही पोरं अजून तिशीची नाहीत, लग्न जुलैत आहे, पण हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्गा म्हणाली, कुणाचं लग्न ठरलं की हे गाव स्वतः होऊन खिसा रिकामा करतं. आधी तिकिटाचे पैसे देतं, मग बारवर देतं, मग बक्षिसांच्या टेबलावर सोडतीच्या चिठ्ठ्या टाकायला देतं, आणि शेवटी राय ब्रेडवर थंड मांसाचे काप आणि लोणच्याची काकडी खाऊन खूश होऊन घरी जातं. लग्नाला जे जमतं ते पुस्तकांना का जमू नये?

मी म्हणालो, यापूर्वी आपण अग्निशमनाच्या बंबासाठी सोशल केलंय, स्केटिंगच्या मैदानाच्या छपरासाठीही केलंय. लेखक काही छपराहून महाग नाहीत.

तारीख एक मार्च. उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले की ओल्गाच्या चर्चमधली युक्रेनी मंडळी नाचणार नाहीत, आणि ती नाचली नाहीत तर पोल्का कोण नाचणार? आम्ही आइसलँडवाले भिंतीला टेकून हवामानावर बोलत राहू.

२४ जानेवारी

तिकिटं तयार झाली. शाळेच्या कार्यालयातल्या लॉर्नाने तिच्या संगणकावर मांडून दिली. गावातल्या बहुतेक सोशलची तिकिटं तीच करते, त्यामुळे तिच्याकडे नमुना तयारच असतो. मी एकच आग्रह धरला होता: तिकिटावर जबाबदार माणसांची नावं हवीत. निनावी आवाहनाला लोकांनी पैसे का द्यावेत?

समोर मोठ्या अक्षरांत "सोशल". त्याखाली ठळक "हाल्मार आणि ओल्गा". जागा पुरेना म्हणून लॉर्नाने आडनावं गाळली. गावात दुसरा हाल्मार नाही, तेव्हा हरकत नाही. मग तारीख, हॉल, पंधरा डॉलर. नावांच्या दोन बाजूंना दोन पांढरे पक्षी आहेत. आपल्या सरोवरावरचे कुरव असावेत, छान साधलेत. "साहित्य महोत्सवाच्या मदतीसाठी" ही ओळ मागच्या बाजूला गेली आहे, दारूच्या परवान्याच्या क्रमांकाखाली.

मागची बाजू मी पट्टी लावून दोनदा वाचली. परवान्याचा एक आकडा चुकला होता, तो पकडला. लॉर्ना थक्क झाली. तिला सांगितलं, चूक नेहमी बारीक टायपात लपते. प्रत्येक शिकाऊ वार्ताहराला मी हेच शिकवत आलो.

२९ जानेवारी

तिकिटं हळूहळू खपतील हा माझा अंदाज साफ चुकला आणि मी त्यावर खूश आहे. किराणा दुकानात ठेवलेला तिकिटांचा गठ्ठा दुपारपर्यंत संपला. पेट्रोलपंपावरचाही संपला.

कोळी एनार गोठलेल्या सरोवरातली जाळी ओढून बर्फावरून थेट माझ्या दारात आला. या माणसाने एकतीस वर्षांत आमच्या साप्ताहिकातला मासळीचा भाव सोडून एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. त्याने आठ तिकिटं मागितली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "उशीर झाला, संपादक, पण बरं झालं."

मी म्हणालो, "खरंय. बाकीच्या गावांनी हे वीस वर्षांपूर्वीच केलं."

तो जरा गोंधळला, पण पैसे रोख दिले.

३ फेब्रुवारी

न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. उलट भुवयासुद्धा कापून दिल्या.

तिथून निघालो तर आमच्या लुथरन चर्चचे पाद्री बेन भेटले. म्हणाले, जूनमध्ये चर्च मोकळं आहे, फक्त तारीख सांग. मला गहिवरून आलं. गावातली प्रत्येक संस्था पुढे येते आहे. आभार मानून सांगितलं की आम्ही ओरेस्तचं शेड पक्कं केलंय.

"मासळीचं शेड?" बेन म्हणाले.

"धुऊन घेणार आहोत."

त्यांनी कोटाची कॉलर वर ओढली. मग म्हणाले, देव तिथेही येईल. पाद्री माणूस जरा दुखावला असावा. समारोपाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगायला हवं.

६ फेब्रुवारी

व्हिक्टोरियाहून सोल्वेगचा फोन आला. माझी लेक सहसा रविवारी फोन करते, आज गुरुवार. आधी रागावली आणि मग रडली. लॉर्ना तिची शाळेतली मैत्रीण, तिच्याकडून तिला सगळं कळलं.

"पप्पा, ही गोष्ट मला लॉर्नाने सांगावी?"

मी म्हणालो, पैसे जमल्यावर सांगणार होतो. जमले नसते तर उगाच गाजावाजा झाला असता.

"पैशांसाठी कुणी थांबतं का असल्या गोष्टीत? मी पाठवते."

लगेच पाचशे पाठवलेसुद्धा. म्हणाली, आईला आनंदच झाला असता. रुनाला जाऊन सहा वर्षं झाली. तिला आनंद झाला असता हे खरं, घरातल्या पुस्तकांतली निम्मी तिची आहेत. पण सोल्वेगला साहित्याची इतकी ओढ असेल असं मला वाटलं नव्हतं. लहानपणी ती कुठलीही गोष्ट अर्ध्यावर टाकून झोपायची. लेकरांना आपण किती कमी ओळखतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हॉलच्या मागच्या खोलीत बक्षिसं जमा होताहेत. आजपर्यंत आलेली: दोघांसाठीची रजई, हातांच्या दोन सारख्या खुर्च्या, सुऱ्यांचा संच, दोनच कपांची कॉफी करणारं यंत्र, आणि उशांचे दोन अभ्रे, एकावर "हा" आणि दुसऱ्यावर "ओ" असं भरतकाम. लेखकांच्या मुक्कामाची सोय लोकांनी भलतीच मनावर घेतली आहे. अभ्र्यांचं मात्र मला कळलं नाही. समितीचा सन्मान म्हणून ठीक आहे, पण आमची अक्षरं असलेल्या उशा बक्षीस म्हणून घेणार कोण?

ओल्गाने दोन्ही अभ्रे शेजारी-शेजारी धरून पाहिले.

"हाल्मार, तू ते तिकीट नीट वाचलं होतंस ना?"

"दोनदा. परवान्याचा आकडा मीच पकडला."

"आणि समोरची बाजू?"

"समोर वाचायला काय आहे? आपली नावं."

"आपली नावं," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. हसत हसत त्या नव्या खुर्चीत बसली, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसली. मग हसू आवरून तिकिटं किती उरली म्हणून विचारलं. दोनशेतली मोजकी उरली होती.

"मग राहू दे," असं म्हणून ती निघून गेली. इतक्या घाईने की हातमोजे तिथेच राहिले. या थंडीत हातमोजे विसरणारी ओल्गा मी पहिल्यांदा पाहिली.

१५ फेब्रुवारी

ओरेस्त येऊन गेला. स्वयंपाकघरात बसला, पण टोपी काढली नाही. हे बोलणं मी जसंच्या तसं उतरवून ठेवतो आहे, कारण मला ते नीट उमगलेलं नाही.

आधी तो म्हणाला की त्याची बहीण दहा वर्षं एकटी राहिली, पण कधी कुणापुढे हात पसरला नाही. मी म्हणालो, तिच्याशिवाय हे काम उभंच राहिलं नसतं.

"पाद्री सांगत होता, तू शेडमध्येच उरकणार म्हणून. मी शेड पुस्तकवाल्यांसाठी दिलं होतं."

"पुस्तकवाल्यांसाठीच. सगळे एकाच जागी. वेगळी जागा परवडायची नाही."

"आणि किती दिवस चालवणार हे?"

"या वर्षी दोन दिवस."

ओरेस्तने कप खाली ठेवला. "दोन दिवस."

"शनिवार-रविवार. जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. एकदम मोठी उडी कशाला?"

"ओल्गाला हे मान्य आहे?"

"तिचाच सल्ला. म्हणाली, आधी लहान करून बघू, लोकांना आवडलं तर वाढवू."

त्याने कप दूर सरकवला, तरी मी कॉफी गरम करायला उठलो. शेवटी म्हणाला, आमच्या घरात अशी पद्धत नाही, पण दिलेला शब्द मी मोडत नाही, शेड मिळेल. दार आपटून गेला. नंतर बघतो तर पायरीवर गोठवलेल्या पिकरेल माशांची पिशवी ठेवलेली. म्हणजे राग नसावा. पण मग काय होतं?

१९ फेब्रुवारी

तिकिटं संपली. आणखी शंभर छापली, तीही संपत आली. अग्निशमनवाल्यांनी हॉलची मर्यादा ठरवून दिली आहे म्हणून थांबलो, नाहीतर शेजारच्या दोन गावांतूनही मागणी आहे.

एक शंका मात्र लिहून ठेवतो. तिकीट घेणाऱ्या एकानेही मला लेखक कोण येणार आहेत हे विचारलेलं नाही. वार्ताहर म्हणून हे मला आधीच खटकायला हवं होतं. ओल्गाच्या गाडीतून येताना तिला हे बोलून दाखवलं. तिने लाल मफलर घातला होता, नवा असावा.

ती म्हणाली, लोक कशासाठी येतात हे विचारत बसलं तर जगातलं एकही सभागृह भरणार नाही. मग काही वेळाने म्हणाली, "सगळं झाल्यावर लोक आपल्याला हसले तर तुला फार लागेल?"

"कशाला हसतील?"

"समज, हसले."

मी विचार करून सांगितलं की एकटा असतो तर लागलं असतं, तू बरोबर असलीस तर नाही.

गाडी माझ्या घराच्या वळणावर न वळता थेट धक्क्यापर्यंत गेली, आणि तिथून परत फिरवावी लागली. ही बाई अठ्ठावीस वर्षं हिमवादळातून बस चालवत होती, एकदाही रस्ता चुकली नाही.

२८ फेब्रुवारी

हॉल झाडून झाला. बेकरीतून निरोप आला, केक दोन मजल्यांचा की तीन? माणसं खूप आहेत, तीन सांगितले.

२ मार्च, रविवार

आता सगळं क्रमाने लिहितो.

काल संध्याकाळी साडेसात वाजता मी रुनाने घेतलेला निळा कोट घालून हॉलमध्ये शिरलो. दारातच सोल्वेग उभी. व्हिक्टोरियाहून विमानाने आलेली, नव्या पोशाखात, हातात फुलं. मला मिठी मारली, मग माझ्या मागून येणाऱ्या ओल्गाला मारली, आणि बराच वेळ सोडेना. मला वाटलं, पाचशे डॉलरच्या देणगीपेक्षा विमानाचं तिकीट महाग पडलं असेल. एवढ्यात माझी नजर मंचाकडे गेली.

मंचावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदी फलक होता. अभिनंदन, हाल्मार आणि ओल्गा. दोन्ही टोकांना तेच पांढरे पक्षी, पण आता हातभर मोठे. ते कुरव नव्हते. कबुतरं होती, आणि त्यांच्या चोचींत अंगठ्या होत्या.

मी आयुष्यभर मथळे लिहिले. इतक्या सावकाश वाचलेला मथळा हा पहिलाच. मग एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं: एनारचा हात, न्हाव्याने कापलेल्या भुवया, पाद्री बेनचं चर्च, सोल्वेगचं रडणं, उशांचे अभ्रे. सगळ्यांत शेवटी ओरेस्त आठवला. मी त्याला त्याच्या बहिणीबद्दल तोंडावर सांगितलं होतं की या वर्षी दोन दिवस, लोकांना आवडलं तर वाढवू. चूक बारीक टायपात लपते म्हणे. मी आकड्यांवर पट्टी लावून बसलो होतो आणि ती पानभर मोठ्या अक्षरांत माझ्यापुढे उभी होती.

ओल्गाला कोटांच्या खोलीत गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"अभ्रे आले त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी महोत्सवासाठी. लग्नाचे पंधरा डॉलर आणि पुस्तकांचे पंधरा डॉलर, बँकेत दोन्ही सारखेच." ती मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होती. "नंतर मला ते तिकीट वाचायला आवडायला लागलं."

मला येतं तेच मी बोललो. म्हणालो, दुरुस्ती द्यावी लागेल. आमच्या साप्ताहिकाचा नियम होता, चुकीची बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती. लोकांनी परत मागितले तर पैसे परत. म्हणजे नऊ हजार गेले, लेखक गेले, जून गेला. तिला हे सगळं दिसत होतं.

"जा," ती म्हणाली. "नाही गेलास तर मी कुणाबरोबर समितीत बसले होते, असा प्रश्न पडेल मला."

वादकांनी पहिला नाच जाहीर करायच्या आत मी मंचावर चढलो. टाळ्या पडल्या, त्या थांबेपर्यंत थांबलो आणि सांगून टाकलं. तिकीट छापण्यात चूक झाली, चूक माझी, लॉर्नाची नाही. ओल्गाचं आणि माझं लग्न ठरलेलं नाही. हे सोशल साहित्य महोत्सवासाठी आहे, तसं मागच्या बाजूला छापलंय. ज्यांना वाटत असेल की आपण लग्नासाठी पैसे दिले, त्यांना ते दाराशी परत मिळतील. ओरेस्तला मी वेगळं सांगितलं की दोन दिवस हे लेखकांच्या कार्यक्रमाबद्दल होतं.

हॉलमधल्या तीनशे माणसांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मागून एनारचा आवाज आला.

"म्हणजे लग्न नाही?"

"ठरलेलं नाही."

"तू विचारलं होतंस?"

"नाही."

"मग नाही म्हणून कसं छापतोस, संपादक? दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घेतलीस का?"

हशाचा पहिला फुगा कुठे फुटला ते कळलं नाही, पण मग सगळा हॉल हसायला लागला. भिंतीला टेकलेले आइसलँडवालेही हसले. मी ओल्गाकडे बघितलं. ती दारात उभी होती, हसत होती, आणि मला अजिबात लागलं नाही. मी तिला गाडीत सांगितलं होतं ते खरं निघालं.

मग कुणीतरी विचारलं, महोत्सव महोत्सव म्हणतोस ते नेमकं असतं काय? सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मला हे कुणी विचारत होतं. मी तिघा लेखकांबद्दल सांगितलं. त्यातली एक न्यूफाउंडलंडच्या कोळ्याची मुलगी आहे आणि तिने बापाच्या बुडालेल्या बोटीवर पुस्तक लिहिलंय, हे ऐकल्यावर बोट कशी बुडाली म्हणून तिघांनी एकदम विचारलं. मी म्हणालो, जूनमध्ये शेडमध्ये या, तीच सांगेल. एनार म्हणाला, येतो, पण तिला म्हणावं बोटीची लांबी नीट आठवून ये.

दाराशी लॉर्ना पैशांची पेटी घेऊन बसली. रांगेत एकच माणूस उभा राहिला, ओरेस्त. म्हणाला, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पंधरा डॉलर मोजून परत घेतले, त्यांच्या चिठ्ठ्या घेतल्या, वर खिशातल्या वीसच्याही घेतल्या, आणि सगळ्या त्या दोन खुर्च्यांसाठीच्या पिशवीत टाकल्या. खुर्च्या त्यालाच लागल्या. पाद्री बेन मला बाजूला घेऊन म्हणाले की शेडबद्दल ऐकून त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि चर्चची तारीख मात्र ते अजून राखून ठेवत आहेत.

पहिला नाच झालाच. वादकांना पैसे दिलेलेच होते. पोल्कात मी दोनदा उलट्या बाजूला फिरलो आणि ओल्गाने मला बस वळवावी तसं वळवलं. केकचे तीनही मजले संपले.

३ मार्च, सोमवार

सगळा खर्च वजा जाता दहा हजारांच्या वर रक्कम जमा झाली. पतपेढीच्या मॅनेजरने सकाळी पावती देऊन खात्री केली. दुपारी तिन्ही लेखकांची विमानाची तिकिटं काढली. ग्रुंडविकचा पहिला साहित्य महोत्सव जूनच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी होत आहे. एनारने पुढच्या रांगेतली आठ माणसांची जागा आतापासून मागितली आहे.

सोल्वेगने परतीचं विमान शुक्रवारवर ढकललं. कारण विचारलं तर म्हणाली, बातमी अर्धवट असताना कुणी जातं का? लहानपणी ती अशी नव्हती.

ओरेस्तने दोन्ही खुर्च्या ट्रकमधून आणून माझ्या पुढच्या खोलीत ठेवल्या, खिडकीपाशी, एकमेकींच्या शेजारी. घरी जागा नाही म्हणाला. त्याचं घर माझ्या घराच्या दुप्पट आहे. या वेळी त्याने टोपी काढली, कॉफी घेतली, आणि जाताना दारात थांबून मला काहीतरी सांगून गेला.

उद्या मंगळवार. कार्यक्रमपत्रिका पक्की करायला ओल्गा संध्याकाळी सहाला येणार आहे. पिकरेल तळायचे आहेत. कामं झाली की दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घेतली जाईल. प्रश्न मीच विचारणार आहे. उत्तर होकाराचं अपेक्षित आहे. ओल्गाच्या निकटवर्ती सूत्राने याला दुजोरा दिला आहे, मात्र त्याचं नाव आणि त्याची बोट यांचा उल्लेख करू नये, अशी त्याने विनंती केली आहे.